बिनकापीचं खातं

बँकेच्या खिडकीशी पोचल्यावर माणसं स्लिप पुढे सरकवतात, पासबुक काढतात, निदान पेन तरी मागतात. जिजी यातलं काही करत नसे. पदर खोचायची, काचेच्या भोकाजवळ तोंड न्यायची आणि पहिलाच प्रश्न टाकायची, "भाई, केटला कपाशे?" किती कापणार? या बाईला खातं उघडायचंय, पैसे पाठवायचेत की नुसतीच गार हवा खायचीय, हेसुद्धा आतल्या माणसाला अजून कळलेलं नसे. पण बँकेकडून तिला एवढंच जाणून घ्यायचं असे.

जिजी माझ्या नात्यातली नव्हे. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या दोन घरांची भिंत एक, एवढंच. पण खानदेशातून आलेली आमची सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची, तिच्याहून थोराड बायासुद्धा. तिचा नवरा, आमचे अण्णा, लूमच्या खात्यात. इकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. 'अमक्याने खातं बदललं' म्हणजे तो नव्या शेठकडे लागला, 'खातं बंद' म्हणजे त्या घरी चूल मंद. त्यामुळे जिजी नवं खातं शोधतेय हे कळलं तेव्हा समोरच्या बाईने लगेच आपल्या दिराच्या शेठकडे अण्णांसाठी शब्द टाकला. अण्णांना वाटलं, बायकोनेच सांगितलं असेल. ते बिचारे नवी चप्पल घालून भेटायला गेले. परत आले तेव्हा जिजी दारात साड्यांच्या ढिगात बसून हसत होती. अण्णा म्हणाले, "हिचं न माझं सारखंच. एका खात्यात टिकणं नाही."

जिजीचं काम धागाकटिंगचं. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी येत, भरतकामाच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे ही छोट्या कात्रीने कापायची. साडीमागे मिळणारे पैसे सांगायला मला लाज वाटते. मी एका साडीच्या दुकानात बिलं करते, त्या साडीची शेवटची किंमत मला ठाऊक असते. एकदा मी तिला चिडवलं, "जिजी, तूही कापतेस, बँकही कापते. भांडतेस कशाला?" तिने कात्री खाली ठेवली. "मी बी दिनभर कापस. पन वरला धागा कापस. साडीले कात्री लावस का?"

हा सगळा खटाटोप शेवंतासाठी होता. शेवंता जिजीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर शिरपूरकडच्या खेड्यात भावाच्या घरी राहायला आली, आणि तिच्या जेवणाखाण्याचे पैसे म्हणून जिजी दर महिन्याला दोन हजार पाठवू लागली. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या मनी ट्रान्सफरच्या दुकानातून पाठवायची. दुकानदार आपले पैसे त्यातूनच काटून घेई, कधी कमी, कधी जास्त. हिने फोनवर दोन हजार म्हणून सांगितलेलं आणि तिकडे पोचायचे कमी. भावजय हिशोबाची पक्की. बाकीचे शेवंतानेच दडवले, असं तिने ठरवून टाकलं. एके दिवशी तिने शेवंताची पत्र्याची पेटी अंगणात पालथी केली. दोन लुगडी, एक फणी आणि नवऱ्याचा फोटो निघाला. पैसे कुठले निघायला!

हे जिजीला पुढे एका लग्नात दुसऱ्याच कोणी सांगितलं. ती जेवणाच्या पंगतीतून उठली होती म्हणे. मला मात्र तिने एवढंच सांगितलं, "मंगल, पैसा कापाई गया म्हंजे उष्टा व्हई गया. मी मन्ही बहीनले उष्टं धाडू का?"

त्यानंतर तिने बिनकापीचं खातं शोधायला घेतलं. हा शब्द तिचाच. मी म्हटलं, माझ्या फोनवरून पाठवते, चुटकीसरशी जातील, एक पैसा कापला जाणार नाही. तर नको. शेवंताच्या पासबुकात माझं नाव उमटलं असतं ना! भावजयीने वाचावं की पैसे जिजीचेच आहेत, पुरे आहेत. आणि स्वतः फोनवरून पाठवायचं तर हिच्याकडे बटणांचा डबा. म्हणजे बँकेत जाऊन, खिडकीवर उभं राहून, पाठवले तरी कापणार नाहीत असं खातं हवं. लिंबायतपासून उधन्यापर्यंत आम्ही बँका पालथ्या घातल्या. एकीकडे पाठवणं फुकट, पण खात्यात अमुक इतके पैसे पडून पाहिजेत. दुसरीकडे तेही नको, पण मेसेज पाठवल्याचे पैसे घेत. "मेसेज तू धाडस, पैसा मी देऊ?" ती त्या साहेबाला म्हणाली. तिसऱ्या बँकेने पहिले काही महिने सगळं माफ केलं आणि मग गुपचूप कात्री चालवली. जिजीने पासबुकावरची ती ओळ नखाने दाखवली आणि खातं बंद करूनच घरी आली. अण्णा म्हणाले, "शेठ खोटा निघाला वाटतं."

गल्लीला मात्र तिचा फायदा झाला. कोणती बँक कशाचे पैसे घेते हे तिला तोंडपाठ. नवागामहूनसुद्धा बाया विचारायला येत. ती कात्री चालवता चालवता सांगायची आणि चहाही पाजायची. "चहाचे किती कापणार?" असं एकीने विचारलं, तेव्हा जिजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि एक दिवस तसलं खातं मिळालं. काही कापत नाहीत, काही ठेवावं लागत नाही. खिडकीवर एक तरुण गुजराती भाई होता, जिजीला मासी म्हणायचा. पहिले दोन हजार गेले, थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. मी मेसेज वाचला: समोरच्या खात्यात जमा झाले. दोन हजार, पुरे. जिजीने माझ्या हातून फोन घेतला, पदराने पुसला. "चला," ती म्हणाली, "खुशाल शे मन्ही बहीन." त्या दिवशी तिने गल्लीभर पेढे वाटले. पेढ्यांचे पैसे किती झाले विचाराल तर मनी ट्रान्सफरवाल्याने वर्षभरात तेवढे कापले नसतील.

मग दर महिन्याला तेच. खिडकी, फोनचा आवाज, मी वाचायचं, "जमा झाले." आणि तिने म्हणायचं, "खुशाल शे." मेसेजमध्ये तसं काही नसतं, हे मला ठाऊक होतं, तिलाही असणार. पण वाक्य बरं वाटायचं.

मनी ट्रान्सफरच्या दुकानाच्या काळात शेवंताचा दर महिन्याला फोन यायचा. यावाच लागायचा. किती पोचले ते सांगायला भाच्याच्या फोनवरून ती बोलायची, मग कमी का, कोणी कापले, अशी दोघींची वादावादी व्हायची, आणि त्यातूनच गुडघा कसा आहे, जेवलीस काय, पाणी आलं का, सगळं निघायचं. नव्या खात्यात भांडायला काही उरलं नाही. जिजीने फोन लावला तर भावजय उचलायची. "मेसेज वना ना? मंग फोन कसाले?" मेसेज आला ना, मग बोलायचं काय! शेवंता शेतात गेलीय, नाहीतर झोपलीय. जिजी फोन ठेवायची आणि साड्यांकडे वळायची. पैसे तर पुरे पोचत होते.

शेवंता गेल्याचा फोन अण्णांच्या खात्यात आला. लूमच्या खडखडाटात त्यांना नीट ऐकू आलं नाही, बाहेर येऊन पुन्हा विचारावं लागलं. मीही त्या दोघांबरोबर गाडीने गेले. शेवंता ओसरीवर ठेवली होती. मी तिला फोटोत पाहिलं होतं, अंगाने भरलेली बाई. चटईवर होतं ते निम्मंही नव्हतं. शेजारणीने हळूच सांगितलं, बरेच महिने दुखणं होतं, दवाखाना नाही, दोन वेळचं धड जेवणही नाही. एटीएमचं कार्ड भावजयीच्या बटव्यात असायचं. पैसे अख्खे पोचत होते आणि माणूस अर्धं होत होतं. मला तिथे भयंकर राग आला होता. आता आठवतं तेव्हा रागही येत नाही, नुसतं बधिर होतं.

जिजी भावजयीशी भांडली नाही. तिची लढायची जागा बँक होती, इथे कोणत्या खिडकीवर विचारायचं ते तिला कळलं नसावं. परतीच्या गाडीत नंदुरबार गेल्यावर ती एकदाच बोलली, "जवय पैसा कापाये, तवय तिना फोन तरी ये." अण्णांनी खिडकी लावून घेतली.

दहावं-तेरावं झालं. महिन्याची तारीख आली तशी जिजीने सवयीने पदर खोचला आणि मला म्हणाली, चल. खिडकीवर तोच भाई होता. "आवो मासी, मोकलवाना छे?" पाठवायचेत ना? जिजीने पासबुक आत सरकवलं आणि खातं बंद करायचं म्हणून सांगितलं. तो बिचारा भला माणूस. त्याने संगणकात पाहिलं आणि समजावून सांगितलं की, खात्याला वर्ष व्हायला थोडेच दिवस आहेत. त्याआधी बंद केलं तर बंद करायचे पैसे कापले जातील. पुढच्या महिन्यात या मासी, मग एक रुपया जाणार नाही.

मी जिजीकडे पाहिलं. ती आता काचेशी पुढे होईल, कसले पैसे, कोणी ठरवले, साहेबाला बोलव, असं सगळं म्हणेल, म्हणून मी वाट पाहत होते. खरं सांगते, मला ते हवं होतं.

"कापी लो, भाई," जिजी म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. उरलेल्या नोटा त्याने काचेखालून दिल्या, त्या तिने न मोजता पदराच्या गाठीत बांधल्या. दाराशी मी म्हटलं, "जिजी, अगं थोडेच दिवस होते गं."

"आते मालेच खानं शे," ती म्हणाली. आता मलाच तर खायचंय. "उष्टं बी चाली."