तोंडवलीत रणगाडा उतरला तेव्हा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? तसंही आमच्या तोंडवलीत लपत काहीच नाही. मागच्या थंडीत आमच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं होतं, ते मीच उतरवलं होतं. हसायचं तर हसा, फक्त चहा सांडू नका. पण एक आधीच बजावून ठेवते. फोटो काढल्याचा मला काडीइतकाही पस्तावा नाही. घोटाळा झाला तो पुढे, आणि सगळं ऐकल्यावर दोष कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मला दिलात तर मी भांडेन.

मी स्वभावाने घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आणि ती होणार हे माहीत असूनही दचकते. छंद मात्र युद्धाचा. प्लास्टिकचे रणगाडे जुळवायचे, रंगवायचे, बोटाएवढे सैनिक उभे करायचे आणि भोवती अख्खं रणांगण वसवायचं. आई म्हणते, बीएस्सी करून मुलगी भातुकली खेळते. खेळते. मग?

त्यातही माझं खरं वेड फोटोचं. विटेएवढा रणगाडा फोटोत खऱ्या रणगाड्याएवढा दिसला पाहिजे. त्यासाठी काय काय करावं लागतं, ऐका. मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे कॅमेरा जमिनीला टेकतो आणि आपण त्या बोटाएवढ्या सैनिकाच्या नजरेने बघतो. वाळू चाळणीने चाळायची, कारण साधा कण फोटोत धोंड्यासारखा दिसतो. रणगाड्यावर टाकायची जाळी म्हणजे चहात बुडवलेलं बँडेज. धूर धुपाचा. आणि उन्हं कलतीच हवीत.

एवढं करून फोटो टाकायचा आमच्या ऑनलाइन गटात. गटाचे प्रमुख एक निवृत्त गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. माझ्या प्रत्येक फोटोखाली त्यांचं एकच वाक्य असायचं. "छान. पण टेबलावरचं वाटतं."

टेबलावरचं! हे वाक्य माझ्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं. त्यात गटाची स्पर्धा जाहीर झाली. विषय, खरा वाटेल असा फोटो. सोबत पुरावा म्हणून त्याच मांडणीचा आगपेटी शेजारी ठेवून काढलेला दुसरा फोटो. मी मनाशी ठरवलं, या वेळी सरांकडून ते वाक्य येऊ द्यायचं नाही. घरामागे खरा समुद्र असताना मी टेबलावर का मरू?

म्हणून एका संध्याकाळी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, मांडणी उचलून सुरूच्या बनापलीकडे गेले. तिथे सहसा कोणी फिरकत नाही. मच्छीवाल्यांची थर्माकोलची एक मोठी रिकामी पेटी मिळाली होती, तिच्यातून सगळं लष्कर नेलं, आईची पिठाची चाळणसुद्धा. एक रणगाडा आणि भोवती सैनिक. त्यातल्या एकाला दोन्ही हात डावे आहेत. त्याचा उजवा हात चिकटवत असताना कुकरची शिट्टी झाली होती आणि हाताला जो सापडला तो हात खांद्याला बसला. तो सैनिक मी मागे उभा केला.

वाळूत पालथी पडले. समुद्राची रेघ बरोबर सैनिकांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली. धूप पेटवला. आणि खोटं नाही सांगत, पडद्यावर ते दिसलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. धुरातून रणगाडा पुढे येतोय, मागे आमचा समुद्र, आमचे सुरू. क्लिक.

तेवढ्यात कानाशी गरम श्वास आला.

कुत्रा होता. कोणाचा होता ते मी बघायला थांबले नाही. किंचाळले, सैन्य पेटीत ठेवलं, झाकण लावलं, पेटी सुरूखाली ढकलली आणि घर गाठलं. आगपेटीचा फोटो सकाळी काढू म्हटलं. वेंधळेपणा म्हणाल, तर कबूल. पण कानात श्वास तुमच्या आला नव्हता.

घरी आल्यावर राहवेना. कुडाळला माझी मावसबहीण मनीषा असते, तिला फोटो पाठवला आणि विचारलं, खरं वाटतं का गं? मनीषाने तो कामावरच्या मैत्रिणींना पाठवला, आणि विचारलं, खरं वाटतं का? त्यांनी पुढे पाठवला. या प्रवासात कुठेतरी प्रश्न गळून पडला. फोटो तेवढा पुढे गेला. आणि कोणा शहाण्याने खाली लिहिलं, तोंडवली.

मला यातलं काही ठाऊक नाही. गावच्या ग्रुपमधून मी कधीच बाहेर पडले होते, त्या टिंगटिंगीने दचकायला होतं म्हणून. सकाळी मी आगपेटी शोधत होते तर दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या सुलूवैनीने हाक मारली.

"सायले, ऐकलंस मा? खालच्या किनाऱ्यार मिलटरी इली. रणगाडो घेवन."

माझ्या हातातली आगपेटी पडली. खरंच का, म्हणून विचारलं, तर वैनी म्हणाली, "अगो, फोटो इलो हा. फोटो काय खोटो बोलता?"

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कसं कळलं नाही? मलाही आता हेच वाटतं. पण भ्यायलेल्या माणसाचं डोकं वेगळं चालतं. शिवाय फोटोचा मोबाइल होता वैनीच्या नवऱ्याकडे, तो निघून गेला होता देवळाकडे. माझ्या कानावर येत होत्या त्या नुसत्या बातम्या. आणि त्या बातम्यांत एकच रणगाडा होता कुठे? आमच्या फाटकापर्यंत रणगाड्यांची रांग झाली होती. किनारा तोफांच्या सरावासाठी घेणार, असं कोणी म्हणालं. रापणकरांनी जाळं पाण्यात घातलंच नाही. जिथे पिढ्यान् पिढ्या रापण ओढली ती जागाच जाणार म्हटल्यावर कोण जाळं घालील? वैनीच्या नवऱ्याने तर पहाटे माडीवरून समुद्रात काहीतरी पांढरं तरंगताना पाहिलं होतं. ती म्हणे त्यांची बोट.

मी माझी सर्टिफिकेटं पिशवीत भरली. आणखी काय करणार?

आता कोणीही विचारेल, किनारा हाकेच्या अंतरावर, मग जाऊन बघितलं का नाही? नाही बघितलं. आमच्याकडे आधी देव, मग डोळे. तात्या गावकर गावचे मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी सांगून टाकलं की देवाच्या कानावर घातल्याशिवाय कोणी बनापलीकडे पाय टाकायचा नाही. टाकला नाही कोणी.

सगळा गाव देवळात. बाबा मसुऱ्याच्या शाळेत शिक्षक, ते शाळेला जायच्या कपड्यांत पुढे उभे. मी आणि आई बायकांत. सर्टिफिकेटांची पिशवी माझ्या पोटाशी. तात्यांनी नारळ पुढे ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत. किनाऱ्यार जा काय सैन्य इला आसा, तेका इल्या वाटेन माघारी धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

यात सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता, सांगू? माझा. मनापासून ओरडले. पुढची बाई वळून बघायला लागली.

एवढ्यात वैनीच्या नवऱ्याचा मोबाइल बायकांत फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी बघितलं. धुरातून येणारा रणगाडा. सुरू. समुद्र. पळावंसं वाटलं. मग नजर मागच्या सैनिकावर गेली.

त्याला दोन्ही हात डावे होते.

तुम्हाला खरं सांगते, मला आधी लाज वाटली नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. मला वाटलं, अख्खा गाव घाबरलाय आणि एकालाही हे टेबलावरचं वाटलेलं नाही! सर इथे असते तर! आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मला मिळत होता आणि तो मी कोणाला सांगू शकत नव्हते. गप्प राहायचं, घरी जायचं, पेटी गुपचूप उचलून आणायची, असं मी ठरवलंही. माझ्यासारखी मुलगी दुसरं काय करणार?

पण तात्यांचं गाऱ्हाणं संपलं नव्हतं.

"तेंच्या रणगाड्याची चाका रेतीत रुतांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या रणगाड्याचे तुकडे तुकडे होवंदेत रे म्हाराजा."

माझा रणगाडा! त्याच्या पट्ट्याची कडी न् कडी मी चिमट्याने जोडली होती. आणि आमचा देव जागृत आहे, चेष्टा नाही. गाव श्वास घेऊन 'व्हय' म्हणणार, त्याच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं.

"नको म्हाराजा."

आमच्या देवळात गाऱ्हाण्याला 'नको' म्हणणारी मी पहिली असावी. कोण ता, म्हणून तात्यांनी विचारलं. सगळे बाजूला झाले आणि मी उघडी पडले. आता मागे हटणं नव्हतं.

"तात्यानू, तो रणगाडो माजो आसा."

"तुजो?" तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मगे बांधतंस खंय तेका? गोठ्यात?"

गाव हसला. बाबा दातांतल्या दातांत म्हणाले, "सायली, खाली बस." मी बसले नाही. खेळण्यातला आहे, मी जोडलाय, मीच फोटो काढलाय, असं सगळं एका दमात सांगितलं आणि दोन हातांनी माप दाखवलं. "एवढोच आसा."

तात्यांनी चष्मा लावला. मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ह्यो? एवढो? गो बाय, ह्यो आमच्या देवळाएवढो आसा."

आणि मी, भर देवळात, बापासमोर, आनंदाने विचारलं, "खराच तसो दिसता, तात्यानू?"

कोणाचाच विश्वास बसला नाही. वैनी तर आईला म्हणाली की चेडू भियान बडबडता, तिची दृष्ट काढ. शेवटी तात्या म्हणाले, चल, दाखव तुझा रणगाडा. पुढे मी, मागे देवळातला सगळा गाव. अशी मिरवणूक माझ्या लग्नालाही निघायची नाही.

सुरूखाली पेटी नव्हती.

वाळू धुऊन काढल्यासारखी सपाट, आणि लाटेची ओली रेघ सुरूच्या मुळांपर्यंत आलेली. अमावास्येचं उधाण! समुद्राकाठी जन्मलेली मी, आणि पेटी कुठे ठेवली, तर उधाणाच्या वाटेवर. थर्माकोलची पेटी, ती काय बुडते? माझं लष्कर रात्रीच समुद्रात निघून गेलं होतं. पहाटे वैनीच्या नवऱ्याला दिसलेली ती पांढरी बोट कोणाची होती, हे मला आता कळलं. आता समुद्रावर काहीच नव्हतं.

मी वाळू उकरत सुटले. मागून कोणी हसलं, कोणी कीव केली. मग तात्या खाली वाकले आणि ओल्या वाळूतून त्यांनी बोटाएवढं काहीतरी उचललं. माझ्या धांदलीत पेटीबाहेर राहिला होता बिचारा.

"हेचे दोनय हात डावे," तात्या म्हणाले.

"तोच," मी म्हटलं. "फोटोत बघा. मागे उभो आसा."

तात्यांनी सैनिक बघितला, फोटो बघितला, मग समुद्राकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या. पण मानकरी माणूस, गाऱ्हाण्याचा हिशेब चुकवणार नाही. ते गावाकडे वळून शांतपणे म्हणाले, सैन्य आलं होतं हे खरं. आलं त्या वाटेने माघारी गेलं हेही खरं. गाऱ्हाणं पावलं. मग माझ्याकडे वळले.

"नारळ तू दी. सगळ्यात मोठ्यान तूच 'व्हय' म्हणालंस."

परतताना आईने एवढंच विचारलं, "माझी चाळण खंय?" ती लष्कराबरोबर गेली.

घरी येऊन मी तरीही फोटो स्पर्धेला पाठवला. गाव हसू दे, माझा फोटो खरा दिसतो हे आता गावाने देवासमोर मान्य केलं होतं. सरांचं उत्तर लगेच आलं. "ताई, इथे मॉडेलचे फोटो टाकायचे असतात. खऱ्या रणगाड्याचा फोटो कुठून तरी उचलून टाकू नये. काढून टाकत आहे."

मी उभ्या जागी नाचले, आणि मग बसून रडले. पुराव्याचा फोटो कुठून आणू? जे उरलं होतं ते घेऊन पुन्हा किनाऱ्यावर गेले. दोन डाव्या हातांचा माझा सैनिक खऱ्या वाळूत, खऱ्या समुद्रापुढे उभा केला, शेजारी आगपेटी ठेवली, फोटो काढला आणि पाठवून दिला. हे घ्या, म्हटलं.

सरांनी लिहिलं, "छान. हात तपासा. आणि हे टेबलावरचं वाटतं."

थांबेन असं वाटतं तुम्हाला? नवा रणगाडा जोडायला घेतलाय. नवी चाळणही आणलीय, आईची वेगळी, माझी वेगळी. बाबा म्हणतात, या वेळी मांडणी रात्री घरात आण, म्हणजे झालं. तसं नाही ते, बाबा. उधाणाचं मी बघून घेईन. मला भीती वेगळीच आहे. पहिल्या रणगाड्याचे तुकडे व्हायला नकोत म्हणून मी ओरडले, ते देवाने ऐकलं, तुकडे काही झाले नाहीत, अख्खाच्या अख्खा गेला. पण सैन्याला माघारी धाड, याला त्याआधी 'व्हय' म्हणून ओरडले होते ते मागे घ्यायचं राहूनच गेलंय.