दोन इंच उंच खुर्ची

सुतारकाकांनी तीस वर्षांत कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण ते टेप घेऊन आले की विद्यापीठातले भलेभले आपापल्या खुर्चीचे हात घट्ट धरायचे. बदलीची बातमी इथे आधी खुर्चीला कळायची, मग माणसाला. आज त्यांच्या खिशात कचेरीची चिठ्ठी होती: इतिहास अध्यासनाच्या खुर्चीचे पाय दोन इंच वाढवणे.

खुर्चीत बाई बसल्या होत्या. अंगापिंडानं लहानखुऱ्या, पायाखाली लाकडी पाट. तो काकांनीच करून दिलेला.

"या काका! मला अध्यासन प्रमुख का म्हणतात, माहितीय?" बाईंना शिकवायला कोणीही चालायचं. "पूर्वी वर्गात एकच आसन असायचं. शिकवणारा बसायचा, बाकीचे उभे नाहीतर जमिनीवर. म्हणून आसन म्हणजेच पद. बसणारा बदलतो, आसन राहतं."

"हो बाई," काका म्हणाले. टेप उघडायला त्यांचा हात धजेना.

"खुर्ची कुरकुरते म्हणून आलात ना?"

खोटं बोलणं काकांना कधी जमलंच नाही. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. बाई वाचून हसल्या.

"काय हे लोक! वाढवायची कशाला? माझे पाय आत्ताच जमिनीला टेकत नाहीत..."

बोलता बोलता त्यांचं हसू विरलं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि पाटावर पाय देत हळूच खाली उतरल्या.

"न्या," त्या म्हणाल्या.

काकांनी खुर्ची उचलली. दारातून वळून पाहिलं, तर खोलीत आणखी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि बाई उभ्याच होत्या.