दुर्वांचा रस

धुळ्याला देवपुरात आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. जरा खरचटलं तरी त्यांचं रक्त थांबता थांबत नसे. त्यांचे मामा त्यातच गेले होते. ते रोज सकाळी दुर्वांचा रस घेत, खिशात तुरटी आणि देवीचा अंगारा ठेवत, आणि आपण पुरते बरे झाल्याचं कुणी न विचारता सांगत, "आते बठ्ठं बरं शे, भाऊ." दाढीला मात्र वस्तरा लावू देत नसत. मी नुसती मान हलवी.

पुढे त्यांच्या भाच्याचे कान टोचायचे ठरले. रीतीप्रमाणे मूल मामाच्या मांडीवर बसवलं. सोनारानं तार पुढे केली, तशी त्यांनी दोन्ही तळव्यांनी पोराचे कान झाकून घेतले.

"येले नको."

बहीण हसून म्हणाली, "दादा, तुमना रस शे ना?"

त्यांनी हात काढले नाहीत.