मांडीवरची थाप

ती घटना आठवली की आजही समोर चालू असलेला टीव्ही बंद करावासा वाटतो. घरच्यांना मी विक्षिप्त वाटतो. वाटू दे.

पोलिसात येण्याआधी मी कॉलेजात पत्रकं लिहायचो आणि खळ लावून भिंतींना चिकटवायचो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन लवकर बाहेर पडलो, तो पुन्हा त्याच कामाला लागलो. त्यामुळे भाषा गुळगुळीत नाही. कोणाचं नाव घेणार नाही, पण कोणाची भीडही ठेवणार नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भोर-वेल्हे भागात मी ठाण्याचा प्रभारी होतो. तिथे दोन केबलवाले होते. एकाची वायर भोर शहरातून वर हिर्डोशीच्या बाजूच्या गावांपर्यंत गेलेली, दुसऱ्याची कापूरहोळ फाटा धरून हायवेच्या कडेनं. मोठ्या चॅनेलवर तेव्हा परदेशी पिंजऱ्यातल्या लढती लागू लागल्या होत्या. लाथा, बुक्क्या, गळा आवळणं, सगळं चालतं असल्या. लोक त्या बघताहेत म्हटल्यावर या दोघांनीही पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी जाळीचे पिंजरे उभे केले. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो. इथे पाठ टेकल्यावर खरा मार सुरू व्हायचा. आमचे जुने हवालदार म्हणायचे, "सायेब, ही बेवड्यांचीच भांडनं. फकस्त चड्ड्या नव्या."

प्रेक्षक किती हे मोजायला मोठ्या चॅनेलवाल्यांकडे यंत्रं असतात म्हणे. भोरच्या मालकानं आपली युक्ती काढली होती. लढत ऐन रंगात आली की तो मिनिटभर केबल बंद करायचा आणि ऑफिसात तक्रारीचे फोन किती येतात ते मोजायला लावायचा. जितक्या शिव्या जास्त, तितके प्रेक्षक जास्त. त्या शिव्यांच्या जोरावर तो जाहिराती आणायचा.

आणि त्याच्याकडे 'डोंगरवाघ' होता. हिर्डोशीच्याही वरच्या वाडीतला, तालमीत घडलेला उमदा गडी. एसटी चुकली तर घाट पायी उतरून यायचा. कापूरहोळच्या ढाब्यांवर त्याचे फोटो लागले होते. पोरं त्याच्यासारखे केस कापायची. तो लढणार असला की केबल लागे, नाहीतर लोक दुसरीकडे वळत. आणि तो आता कापूरहोळवाल्याकडे जाणार अशी कुजबुज होती.

तेवढ्यात दोन्ही मालकांनी मिळून जाहीर केलं, रविवारी दुपारी भोरच्या शेडमध्ये डोंगरवाघ विरुद्ध हायवेचा 'बुलेट'. दोन्ही केबलवर एकाच वेळी.

त्या आठवड्यात एका सकाळी ठाण्यातला फोन वाजला. अंमलदारानं माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा आवाज. "हां, बोला."

म्हटलं, "फोन तुम्ही केलाय. तुम्ही बोला."

ती म्हणाली, "सायेब, रविवारी डोंगरवाघ पिंजऱ्यातनं जिता भायेर येनार न्हाई." आणि फोन ठेवला.

हवालदार म्हणाले, "त्येंचीच जाहिरात असंल. पोलिसांनी छापा घातला तर अजून चार लोक बघत्याल."

शक्य होतं. पण त्या बाईनं दोन शब्दांच्या मध्ये आवंढा गिळला होता. जाहिरात करणारा आवंढा गिळत नाही. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. मनात मात्र दुसरंच घोळत होतं. फोन करणारा माणूस आधी 'बोला' म्हणत नाही. तसं तोच म्हणतो, ज्याचा दिवस दुसऱ्यांचे फोन उचलण्यात जातो.

मी भोरच्या केबलच्या ऑफिसात फोन लावला, चित्र नीट दिसत नाही म्हणून. पलीकडून आवाज आला, "हां, बोला." तोच.

पासपोर्टच्या चौकशीचं निमित्त करून महिला शिपाई तिच्या घरी गेली आणि तिला स्वतःच्या घरी घेऊन आली; मी तिथेच थांबलो होतो. विशी-बाविशीची मुलगी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. आज ती या जिल्ह्यात राहत नाही. तिला विचारूनच हे लिहितो आहे.

"मी शरद्धांजलीच्या पट्ट्या टाईप करते सायेब," ती म्हणाली. "कुनी वारलं की घरचे फोटो आनून देत्यात, आमी केबलवर लावतो. परवा मालकांनी डोंगरवाघांचा फोटो दिला. काळ्या चौकटीत बसव म्हनाले. मी म्हनलं, कधी वारले हे? तर हसले. म्हनाले, तारीख रविवारची टाक."

"आणखी काय म्हणाले?"

"मी सांगीन तवा केबल बंद करायची आन फोन मोजायचे. म्हनाले, इतके फोन येतील की बोटं दुखतील तुजी."

"हे कोणाला बोललीस?"

"अब्बांनाबी न्हाई. ह्ये दोघांनाच ठाव हाय सायेब. मालकांना आन मला. तुमी खेळ बंद पाडला तर त्यांना लगेच कळंल, कुनी सांगितलं ते. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

तिचं खरं होतं. मी वरिष्ठांना नाव न घेता सांगितलं. उत्तर मिळालं, परवानगी दिलेली आहे, उद्घाटनाला पुढारी येणार आहेत, पुरावा असेल तर बोला. पुढाऱ्याच्या गळ्यातला हार सुकू नये म्हणून माणूस मेला तरी चालेल, असाच त्याचा अर्थ. मी बंदोबस्त मागून घेतला आणि डोंगरवाघला तालमीत जाऊन गाठलं.

तो हसला. "सायेब, समदं ठरल्यालं हाय. मी हरनार. म्होरल्या म्हैन्यात कापूरहोळकडनं खेळनार. मालकांना सांगितलंय, त्ये बी हो म्हनले. जाताना हरून जा, म्हंजी कुनाचंच नुसकान न्हाई."

"आणि जड झालं तर?"

"खून ठरलीया. सुटायची."

"कोणती खूण?"

"ती सांगायची न्हाई, बोली हाय. लोकांना कळलं तर कोन बघंल?" माझा चेहरा बघून त्यानंच मला धीर दिला. "तुमी लई काळजी करता. मला कोन मारतंय? समदी वळखत्यात मला."

समदी वळखत्यात. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला ओळखणारे सगळे आपले आहेत. ते फक्त बघणारे असतात, हे त्याला कोण सांगणार?

रविवारी सकाळपासून आम्ही शेड उलथीपालथी केली. पाण्याचे माठ बदलले. जाळीला टेस्टर लावून कुठे करंट तर नाही ना पाहिलं. बुलेटच्या हातमोज्यांत, पट्ट्यांत काही दडवलं आहे का ते उसवून पाहिलं. तोही विशीतलाच पोरगा, हात वर करून निमूट उभा राहिला. डॉक्टर हजर, दारू पिऊन कोणी नाही. काहीच सापडलं नाही. एखादा सुरा सापडला असता तर बरं वाटलं असतं. मरण कुठून येणार हे ठाऊक नसताना पहारा देणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी शेडमधल्या प्रत्येक वस्तूला भीत होतो.

पंच म्हणून एका वस्तादांना बोलावलं होतं. जुने पैलवान, फेटा बांधलेले, सगळा मुलूख त्यांना मान द्यायचा. म्हटलं, "वस्ताद, जोड सोडवायची कधी?"

"गडी हालायचा थांबला, न्हाईतर मालकांनी हात वर केला, की शिट्टी. बाकी समदं आपल्या मातीतल्यागत. मालक म्हनले, तुमी जाणकार, तुमच्या रीतीनं चालवा."

"आणि गडीच पुरे म्हणाला तर?"

वस्तादांना राग आला. "मातीतला गडी पुरे म्हनतो व्हय सायेब?"

शेडमागच्या खोलीकडे गेलो तोवर डोंगरवाघ बाहेर पडला होता. त्याची बायको पत्र्याला टेकून बसली होती. तिला बघवत नव्हतं, म्हणून ती तिथे थांबली होती. मी विचारलं, "ताई, तुम्हाला काही सांगून गेलाय का?"

"म्हनले, घाबरू नगंस. जड झालं की मांडीवर दोनदा थाप मारीन, की वस्ताद सोडिवत्यात. मालकांनीच शिकिवलंय, परदेशात तसंच सुटत्यात."

परदेशी पिंजऱ्यात थाप म्हणजे शरण आलो, सोडा. आणि आपल्या मातीत मांडीवरची थाप म्हणजे शड्डू. म्हणजे, ये, अजून ये.

मी पळत सुटलो.

पोचलो तेव्हा बुलेटनं मागून गळ्याला हाताचा विळखा घातला होता. डोंगरवाघनं मांडीवर दोनदा थाप मारली. अख्खं शेड उसळलं. शिट्ट्या, आरोळ्या. "बघा, आवळला तरी शड्डू ठोकतोय." वस्ताद गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि कौतुकानं म्हणाले, "शाब्बास, वाघा." त्यानं पुन्हा थाप मारली. पुन्हा आरोळी. तिसऱ्या वेळी हात नुसता मांडीवर पडला. तो माणूस सर्वांसमोर जीव मागत होता आणि लोक त्याला टाळ्या देत होते. त्याचे डोळे वस्तादांकडे लागलेले मी पाहिले. ते डोळे मला अजून दिसतात.

पिंजऱ्याच्या दाराला कुलूप. किल्ली भोरच्या मालकाकडे. मालक लांब खुर्चीत मोबाईल कानाला लावून बसलेला. त्याचा दुसरा हात मांडीवर होता. तो वर करायचा त्याचा विचार नव्हता.

मी जाळीला तोंड लावून ओरडलो. "वस्ताद, तो शड्डू नाही. गडी शरण आलाय."

"काय?"

"थाप म्हणजे शरण. त्याला तसं शिकवलंय. सोडवा."

वस्तादांच्या हातातली शिट्टी खाली पडली आणि त्या वयात तो माणूस दोघांच्या अंगावर झेपावला. विळखा सुटला. डोंगरवाघ मातीच्या पोत्यासारखा कोसळला. डॉक्टरांनी जाळीतूनच हाका मारायला सुरुवात केली. हवालदारांनी कांबीनं कुलूप तोडलं. श्वास परत येईपर्यंत आम्ही कोणीच श्वास घेतला नाही.

बुलेट कोपऱ्यात उभा राहून रडत होता. "मला सांगितलं हुतं, शिट्टीबिगर सोडायचं न्हाई. शिट्टी कुटं वाजली?"

ठाण्यात मालकाला समोर बसवलं. तो अगदी शांत होता. "साहेब, मी काय केलं? त्याला थाप मारायला सांगितलं, परदेशात तसंच असतं. वस्तादांना मातीतल्या रीतीनं चालवा म्हटलं, आपल्याकडे तसंच असतं. बुलेटला शिट्टीपर्यंत लढ म्हटलं. यातलं खोटं कोणतं?"

एकही नाही. तिघांना त्यानं एकेक खरी गोष्ट सांगितली होती. खुनाचं हत्यार मी माठात आणि हातमोज्यात शोधत होतो. ते एका शब्दात होतं.

मी आवाज न चढवता विचारलं, "फोन किती आले?"

त्याचे डोळे चमकले. "मोजताच आले नाहीत साहेब. इतके कधीच नव्हते."

"केबल बंद करायला कधी सांगितलं?"

"त्यानं पहिली थाप मारली ना, तेव्हा."

"का? बाकीच्यांना वाटलं, लढत आता रंगात येतेय. तो शरण येतोय, हे त्या शेडात तुम्हाला एकट्याला माहीत होतं. तरी तुम्ही हात वर केला नाही, फोन केला."

त्यानं पाणी मागितलं. पेला रिकामा करून खाली बघत म्हणाला, "जाणारा हिरो दुसऱ्याचा होतो साहेब. मेलेला आपलाच राहतो. वर्षभर त्याच्याच लढती लावल्या असत्या, लोकांनी डोळे पुसत बघितल्या असत्या."

ही कबुली. पण पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेलं, आणि मालक निर्दोष सुटला. त्या मुलीला मी साक्षीला उभं केलं नाही. काळ्या चौकटीतला फोटो कोर्टासमोर आलाच नाही. तो का आला नाही, हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. डोंगरवाघ वाचला, पण त्याचा आवाज कायमचा बसला. तो परत वाडीत गेला. पिंजऱ्यात कधी उतरला नाही.

लोक मला विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? सांगतो. मालकाची मला आता भीती वाटत नाही, तो एकच होता. केबल पोलिसांनीच तोडली असं लोकांना वाटलं, आणि त्या रविवारी संध्याकाळी ठाण्यातला फोन वाजायला लागला तो थांबेना. "केबल का तोडली?" "राहिलेली लढत कवा दावनार?" "जिंकलं कोन?" एकजण तर म्हणाला, "मरत हुता म्हनं, मंग दावायचं की." मालक मोजत होता तेच प्रेक्षक आता आमच्याकडे मोजले जात होते. चांगली माणसं सगळी. कोणाच्या घरी लहान मूल रडताना ऐकू येत होतं, कोणाकडे जेवणाची ताटं वाजत होती. तो माणूस जगला का, हे एकानंही विचारलं नाही. कलम कोणतं लावायचं यांना? मालकानं फक्त त्यांना काय हवं ते ओळखलं होतं. आजही कुणाची तडफड पडद्यावर दिसली की मला ते फोन ऐकू येतात. आणि रिमोट हातात असताना जो बंद करायचं बटण दाबत नाही त्या माणसाची, खरंच सांगतो, मला भीती वाटते.

त्या संध्याकाळी अंमलदार वैतागून उठला तेव्हा पुढचा फोन मी उचलला.

"हां, बोला," पलीकडून आवाज आला.

मी म्हटलं, "जिवंत आहे. दवाखान्यात आहे, बायको जवळ आहे."

ती नाक ओढत म्हणाली, "त्यो फोटो पुसला म्या सायेब. समदा काढून टाकला. जित्या मानसाचा कसा ठिवायचा?"

माझ्याकडचा एकमेव पुरावा तो होता.

मी म्हटलं, "बरं केलंस."