मोहाखालची काळी जमीन

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका चित्रातल्या काळ्या जमिनीमुळे. चोऱ्या, दरोडे, खून यांचे तपास मी पुष्कळ केले; त्यांतले बरेच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं.

चंद्रपूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एप्रिल चालू होता. आमच्याकडे एप्रिलात दुपारी बारानंतर चोरही घराबाहेर पडत नाही, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. अशाच एका दुपारी हद्दीतल्या कलादालनाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात नवी चित्रं लागत. त्या वर्षीची आठ चित्रं आदल्याच दिवशी आली होती. आटत चाललेला तलाव, त्यात मासे धरणारी माणसं, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, असे सगळे उन्हाळ्याचेच विषय. चित्रकार म्हणजे शहरातले एक नावाजलेले कलाशिक्षक. सकाळी खेड्यातली एक बाई आत आली, मोहाच्या झाडाचं चित्र तिनं भिंतीवरून उतरवलं आणि सरळ चालू लागली.

"इतकी सहज गेली साहेब, की पहारेकऱ्याला वाटलं विकतच घेतलं असेल," व्यवस्थापक म्हणाले.

स्टेशन डायरीत नोंद घेतली. कॅमेऱ्यातला तिचा फोटो बसस्टँडवर पाठवला. अर्ध्या तासात तिथल्या कँटीनवाल्याचा फोन आला. "साहेब, एक बाई लुगड्यात काचेची तसबीर गुंडाळून बसली हाय. मूल गावच्या गाडीची वाट पाहून राह्यली. पळाची घाई काई दिसत नाई."

चोर चोरीच्या मालाकडे पाठ करून बसतो, हा माझा जुना अनुभव. या बाईनं चित्र मांडीवर घेतलं होतं. मला ते तिथंच खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही.

महिला शिपायानं तिला ठाण्यात आणलं. वय चाळिशीचं, घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा. इस्पितळातल्या भावाला भेटून परत जाताना दालनाच्या काचेतून तिला चित्र दिसलं होतं.

"चित्र का उचललंस?"

"माझं हाय."

"विकत घेतलंस?"

"काढलं. म्या काढलं."

थोड्या वेळात कलाशिक्षक आले. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. ती बाकावरच होती. सर शांतपणे म्हणाले, "मागच्या वर्षी हिच्या गावच्या शाळेत मी पंधरा दिवस चित्रांचं शिबिर घेतलं. ही स्वयंपाकाला होती. माझं काम पाहिलं असणार, मनात भरलं असणार. माझी काही तक्रार नाही. चित्र तेवढं परत द्या."

त्यांच्या या मोठेपणामुळे मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला. बाईला विचारलं, "सर म्हणतात ते खरं का?"

"स्वयंपाक केला. चित्रंबी काढली."

"मग सांग, यात काय काय काढलंस?"

तिनं तोंड उघडलं, दाराजवळच्या दुसऱ्या बाकाकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. खोटं बोलणाऱ्याची बोलती अशीच बंद होते, असं मी तिला सुनावलंसुद्धा.

आमची महिला शिपाई नागभीडकडच्या खेड्यातली. टेबलावरचं चित्र ती कधीची न्याहाळत होती. मला व्हरांड्यात बोलावून म्हणाली, "साहेब, ते झाडाखालचं काळं पाह्यलं? सावली नोहे ते. सूर्य खाली हाय, सकाळ हाय. सावली एका अंगाले लांब पडली असती. हे तर झाडाभोवती गोल हाय. फुलं पडाच्या आधी झाडाखालचा पाला जाळतेत, म्हंजे फुलं साफ दिसतेत. माझी मायबी जाळे."

"मग ही सांगत का नाही?"

"बाकावर कोन बसला हाय, ते पाहा ना."

दाराजवळच्या बाकावर एक वनरक्षक बसला होता. चोरट्या सागवानाच्या प्रकरणाचे कागद घेऊन तो सकाळपासून ठाण्यात होता. जंगलात आग लावणं हा गुन्हा. बाईला चित्र आपलं ठरवायचं तर आधी तो गुन्हा कबूल करावा लागत होता, आणि तोही वनखात्याच्या माणसासमोर. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला लाज वाटली.

वनरक्षकाला मी चहाच्या निमित्तानं दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग बाईला बाहेर बसवून आधी सरांना विचारलं, "झाडाखाली हे काळं काय आहे?"

"सावली. भर उन्हातली."

"आणि उजवीकडे थोडी जागा काळी नाही, ती?"

"उजेडाचा झोत. रचनेला तोल लागतो."

उत्तरं तयार होती. सरांना बाहेर पाठवून बाईला आत घेतलं. तिला खुर्ची दिली. तोवर मी तिला अगंतुगं करत होतो, तेही सोडलं. "बाई, वनवाला इथं नाही. आगीचं बोलाल ते मी कागदावर घेणार नाही."

तिनं शिपाईबाईकडे पाहिलं. शिपाईबाईनं मान हलवल्यावर ती बोलली, "जाळलंच हाय ते. दर साल जाळतो. सासऱ्यापासून ते झाड आमीच वेचतो."

"मग हा कोपरा का सोडला?"

"वारूळ हाय तिथी. नागोबाच्या घराले आग लावते का कोनी?" ती पहिल्यांदाच हसली, आणि हसली ती माझ्या अडाणीपणाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावी गेलो. दोन खोडांचं मोहाचं झाड, पूर्वेला वारूळ, बाकी भोवती जळकं वर्तुळ. चित्रात होतं तसंच. शिबिराच्या पंधरा दिवसांत सर उन्हामुळे शाळेच्या आवाराबाहेर पडलेच नव्हते, असं गावकऱ्यांनी सांगितलं. मी झाडाचा फोटो सरांसमोर धरला. त्यांनी तो पाहिला आणि ते म्हणाले, "कागद माझा होता. रंग माझे होते." मी तो कबुलीजबाबच धरला. आठही चित्रं तिचीच होती, हे मग त्यांनी मान्य केलं.

फसवणुकीचा गुन्हा होत होता. पण कोर्टात पुरावा म्हणून उभी राहणार ती काळी जमीनच. म्हणजे आगीचंही तिथं निघणार, हे मी बाईला समजावलं. ती म्हणाली, "मले कोर्ट नाई पायजे साहेब. माझं नाव पायजे."

सरांनी लेखी माफी दिली, दालनानं तक्रार मागे घेतली, आठही चित्रांखालची नावं बदलली. अहवालात मी एवढंच लिहिलं, 'झाडाखालील जमीन काळसर दिसते.' ती कोणी काळी केली, हा माझ्या तपासाचा विषय नव्हता. अशा आगीतून वणवे लागतात हेही खरं, आणि तो वनरक्षक काही कुणाचा वैरी नव्हता. तरीही त्या वाक्याचं मला समाधान आहे.

गप्प बसलेला माणूस खोटाच असतो असं नाही. तो कुणासमोर गप्प आहे ते आधी पाहावं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगत असे आणि तपास छान उलगडला म्हणून मनात खूशही असे.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात दालनात नवी चित्रं आल्याचं कळलं, म्हणून गेलो. तिचं नाव दारातच ठळक अक्षरांत होतं आणि ती स्वतः आत खुर्चीवर बसली होती. मला ओळखून उठली. भिंतीवर तेच दोन खोडांचं झाड होतं, पण खाली पिवळा पाला पसरलेला.

"बाई, जाळणं सोडलं का?"

"जाळतो ना साहेब. पन आता काढत नाई."

"का बरं?"

"तुमाले वाचता आलं," ती सहज म्हणाली. "उद्या दुसऱ्यालेबी येईन."

तिचं नाव मिळवून दिल्याचा अभिमान मी इतकी वर्षं बाळगला होता, आणि तिच्या चित्रातली काळी जमीन माझ्याच तपासानं पुसली होती. निघताना पुन्हा एकदा नीट पाहिलं. वारूळ मात्र तिनं जागच्या जागी काढलं होतं.