दाजींचं राहून गेलेलं मत

दाजींच्या वाडीच्या पुढाऱ्यानं दाजींना फसवलं. त्यांचं मत त्यांना टाकू दिलं नाही आणि स्वतःचं मात्र टाकून आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. वाडीत सगळे त्याला नाना म्हणतात आणि पेपरची ही पुरवणी तो वाचतो, तेवढं पुरे.

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात पुण्याच्या एका पार्टीशी बंगल्याच्या भाड्यावरून हुज्जत घालत होतो. आक्का एवढंच म्हणाली, "गोठ्यात बसले ते उठलेच न्हाईत रं..." त्याला आता काही आठवडे झाले. शांत मरण आलं, असं लोक म्हणतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण उन्हाळ्यापासून तो माणूस शांत नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कुरवंड्याच्या पलीकडे त्यांची वाडी, चार म्हशी, लोणावळ्यात दुधाचा रतीब. मी टोपलीत जांभळं घेऊन हायवेवर उभा राहायचो तेव्हा भाव कसा धरून ठेवायचा हे त्यांनीच मला शिकवलं. पुढे मी बंगले भाड्यानं द्यायला लागलो, हातात पैसा आला आणि जीभही तिखट झाली. दाजी होते तसेच राहिले. मतदानाच्या दिवशी रतीब आटोपायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि शाळेतल्या केंद्रावर सगळ्यांच्या आधी रांगेत उभं राहायचं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या चहासाठी दुधाची किटलीही न्यायचे.

मी त्यांची चेष्टा करायचो. "दाजी, खासदारकीची शीट पक्की हाय. त्यो खासदार ढिगानं मतं घेऊन येणार. तुमच्या एका मतानं काय व्हतंय?"

"तू बंगल्याचा भाव सांगितला अन् गिऱ्हाईक लगीच व्हय म्हणालं, तर पुढच्या खेपेला काय करशील?"

"वाढवून सांगीन."

"मग? समदी गप बसली तर त्यो बी तेच करणार की. निवडून येऊ दे त्याला. पण न्हाई म्हणणारी किती हायेत, ते त्याला कळाया नको?"

धंद्यात मला कुणी भावात हरवलेलं नाही. दाजी हरवायचे.

या उन्हाळ्यातल्या निवडणुकीत नानानं बहिष्काराचं काढलं. डांबरी रस्ता ओढ्याच्या अलीकडेच संपतो, वाडीपर्यंत येत नाही. रस्ता नाही तर मत नाही, असं ठरलं. भैरोबाच्या देवळात नारळ ठेवला आणि एकेकानं त्यावर हात ठेवून शब्द दिला. दाजी एकटेच बोलले, "पक्क्या शिटीत आमी घरी बसलो तर त्याचं काय जातंय? उलट प्रचाराला हितवर यायचा तरास वाचला." नाना म्हणाला, "दूधवाले, गावाच्या आड येताय व्हय?" सगळे हसले. दाजींनी नारळावर हात ठेवला. गावाचा शब्द त्यांना मोडवत नव्हता.

मतदानाच्या दिवशी धुतलेला सदरा त्यांनी घातलाच. किटली घेऊन शाळेत गेले आणि ती पायरीवर ठेवली. आत कर्मचारी रिकामे बसले होते. एक जण म्हणाला, "आजोबा, आत या ना." दाजी म्हणाले, "च्या करून घ्या," आणि परत फिरले.

पुढच्याच आठवड्यात नानाच्या घरी गोंधळाचं जेवण होतं. मी दाजींच्या शेजारीच पंगतीत बसलो होतो. नाना स्वतः आमटी वाढत आला. उजव्या हातात पळी, डाव्या हातात बादलीची कडी, आणि त्याच हाताच्या बोटावर शाई!

दाजींचा घास हातातच राहिला. "नाना, बोटाला काय?"

"अवो, आमचं नाव लोणावळ्याच्या यादीत हाय. बहिष्कार वाडीचा व्हता, शहराचा न्हवता."

पंगत पुन्हा हसली. दाजी भरल्या पानावरून उठले. मी मागोमाग गेलो. ओढ्यापाशी थांबून ते म्हणाले, "तू म्हणतो या मताला किंमत न्हाई. मग त्यानं त्याचं का टाकलं रं?"

उभं आयुष्य मी भाव करत आलो. जी वस्तू फुकट आहे म्हणून विकणारा सांगतो आणि स्वतःसाठी मात्र राखून ठेवतो, ती फुकट नसते हे मला तरी कळायला हवं होतं. त्यानंतर दाजी देवळाच्या पारावर कधी बसले नाहीत. रतीब घालायचे, घरी यायचे. आक्का म्हणते, जेवता जेवता मध्येच थांबायचे...

रस्ता अजून झालेला नाही. त्या दिवशी गोठ्यातून दवाखान्यात न्यायला पावसातून त्यांना झोळीत घालून ओढ्यापलीकडे आणलं, तेव्हा कुठे गाडी मिळाली.

आणि दशक्रियेला नानानं माईक घेतला. "दाजींनी शेवटपर्यंत गावाचा शब्द पाळला," असं म्हणाला. मी उठलो होतो. आक्कानं माझा हात धरला, "आज नको." मी बसलो. बसलो ते आजतागायत अंगातली आग घेऊन.

नाना, ज्या देवळात तू लोकांचे हात नारळावर ठेवून घेतलेस, तिथेच एकदा उभा राहा. माईक नको, हार नको. लोणावळ्याला जाऊन मत टाकलंस ते कशासाठी आणि वाडीला घरी बसवलंस ते कुणासाठी, हे सगळ्यांसमोर माझ्या आक्काला सांग. ती येईल. मी तिला घेऊन येतो. दिवस तू सांग.