शवासनाची वीस मिनिटे

सुनंदा विनायक जगदाळे, तुझ्या योगवर्गातून मला काढून टाकण्यात आले आहे.

आज तुला जाऊन एक वर्ष पूर्ण झाले. हे तुलाच कळवायचे होते. घरात कळवण्यासारखे दुसरे कोणी नाही.

ही पोस्ट वाचणाऱ्या मित्रांना संदर्भ लागावा, म्हणून तुला ठाऊक असलेलेही लिहितो.

दौंडला वाणिज्य शिकवून मी निवृत्त झालो आणि आपण शिक्रापूरला राहायला आलो. तुझे माहेर केंदूर, ते जवळ पडावे म्हणून. दुसऱ्याच महिन्यात तू दूध संकलन केंद्राच्या वरचा हॉल मिळवलास आणि बायकांचा योगवर्ग सुरू केलास.

दुपारी चार वाजता.

मी म्हणालो, "योग पहाटे करतात. उपाशीपोटी."

"अहो, पहाटे त्या डबे भरतात. मग सातची शिफ्ट. तीनला सुटतात. घरात शिरायच्या आत मला त्यांना गाठायचंय."

येणाऱ्या बहुतेक जणी कंपनीत आठ तास लाइनवर उभ्या असत. तू त्यांना भिंतीला पाय लावून निजवायचीस. बसची वाट पाहताना टाचा उचला, पोळ्या लाटताना खांदे सैल सोडा, असे तुझे धडे. चटई विकत आणायची नाही, घरची गोधडी आणायची.

आणि शेवटची वीस मिनिटे शवासन.

एकदा तू विसरलेला चष्मा द्यायला मी वर आलो. दारातच घोरणे ऐकू आले. तू बोटानेच मला खाली पिटाळलेस.

संध्याकाळी मी विचारले, "तू योग शिकवतेस की झोपवतेस?"

"ज्याची गरज असेल ते."

"पुस्तकात पाच मिनिटे दिली आहेत."

"पुस्तक लिहिणारा लाइनवर उभा होता का? घ्या, मेथी निवडा."

मी मेथी निवडली. माझे मत मात्र बदलले नाही.

तू तीन दिवसांच्या आजारात गेलीस.

तेराव्यानंतर बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे रजिया होती, बाजारपेठेत शिवणकाम करणारी, तुझी पहिली विद्यार्थिनी. "वर्ग बंद नका करू सर," म्हणाली. मला घरात बसवत नव्हते. मी होकार दिला.

मी सर्व काही शिस्तीत केले, सुनंदा. चार पुस्तके आणली. वेळापत्रक भिंतीवर लावले. श्वास मोठ्याने मोजले. सूर्यनमस्कार वाढवले.

शवासन पाच मिनिटे.

त्या पाच मिनिटांतही कोणी आडवे होत नसे. गोधडी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसत. मला वाटले, सवय मोडली आहे.

संख्या कमी होत गेली. मी ग्रुपवर रोज मेसेज टाकत असे, "उद्या चार वाजता. वेळेवर यावे." सर्व जणी वाचत. उत्तर येत नसे.

पण चार वाजता कोणीतरी "सर" म्हणे. पाच वाजता मी घरी जाई. त्यानंतर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत माझा आवाज मलाही ऐकू येत नसे.

मागच्या आठवड्यात रजिया एकटीच आली. बसली नाही.

"सर, येक सांगू का? वाईट नका वाटून घेऊ."

"सांगा."

"बाया माझ्या घरी जमत्यात. म्हैना झाला."

"माझे काय चुकते? श्वास फार भरभर मोजतो का?"

तिने ओढणी तोंडाला लावली. हसू आवरत होती.

"न्हाई सर, मोजता झ्याक. पर तुम्ही पुरुषमाणूस. तुमच्याम्होरं आडवं कसं व्हायचं?"

मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिले.

"घरी दिवसा पाठ टेकली की सासू इचारती, ताप हाय का? ताई म्हनायच्या, हितं कुनी इचारनार न्हाई. त्या वीस मिन्टासाठी यायचो आम्ही. हातपाय काय, कंपनीत हलत्यातच."

"मी भिंतीकडे तोंड करून बसलो तर? खुर्ची फिरवून घेईन."

तिने माझ्या खुर्चीकडे पाहिले.

"तरी बी तुम्ही असताच की, सर."

"तिथे शिकवते कोण?"

"कुनी न्हाई. येकमेकीला सांगतो. येक जन घड्याळ बघती." मग जिना उतरताना थांबून म्हणाली, "जेवायला कवा बी या. पर चारला नगं."

वर्षभर मी समजत होतो की तुझा वर्ग मी जिवंत ठेवला आहे.

त्या माझ्यासाठी येत होत्या, सुनंदा. हा माणूस एकटा पडेल, म्हणून पाय दुखत असताना सूर्यनमस्कार घालत होत्या आणि पाठ न टेकता घरी जात होत्या.

तू असतीस तर मला पहिल्याच दिवशी खाली पिटाळले असतेस.

आज दुपारी हॉलमधल्या सतरंज्या रिक्षातून रजियाच्या घरी पाठवल्या. वेळापत्रक काढून फाडले. ग्रुपवर शेवटचा मेसेज लिहिला, "यापुढे वर्ग रजिया यांच्या घरी. शवासन वीस मिनिटे घ्यावे. मी येणार नाही." आणि ग्रुपमधून बाहेर पडलो.

मग रिकाम्या फरशीवर आडवा झालो. शवासनात, आयुष्यात प्रथमच. खाली दुधाच्या कॅनचा आवाज येत होता. झोप लागली नाही. पण कोणी काही विचारलेही नाही.

सुनंदा, तुला माझा नमस्कार. तुझे बरोबर होते, हे सांगायला मला एक वर्ष उशीर झाला.

सव्वापाच वाजता हॉलला कुलूप लावले. किल्ल्या जागेचे मालक आप्पा यांना परत दिल्या.